पोराला दोन नोकऱ्या आल्या, आता घ्यायची कुठली?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावाबद्दल आणि पीकविम्याबद्दल माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगायचे ते सांगितले आहे. मी आज वेगळ्याच गोष्टीवर बोलणार आहे, आणि हा विषय तुम्हीच माझ्या गळ्यात घातला आहे. गेली दोन-तीन वर्षे पाहतो आहे. कोणत्याही गावात बैठक संपली, सतरंजी गुंडाळायला सुरुवात झाली, की कुणीतरी मला बाजूला घेतो आणि खिशातून मोबाइल काढून पुढे करतो. "भाऊ, पोराले मुंबईची नोकरी आली अन् इकडं तालुक्यातबी एका ठिकाणी घेतो म्हणतेत. काय करावं?" परवा तर एक माय आपल्या मुलीची दोन पत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आली होती. एक परळचे, एक अकोल्याचे. शुक्रवारपर्यंत कळवायचे होते.

आता बघा, बियाण्याची एक पिशवी घ्यायची तर आपण चार दुकाने फिरतो. शेजाऱ्याच्या वावरात मागच्या वर्षी ते वाण कसे आले ते पाहतो, जमीन हलकी की भारी ते पाहतो, पिशवीवरच्या चित्रावर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि ज्या पोराच्या शिक्षणाला पंधरा-सोळा वर्षांचा पैसा गेला, त्याच्या नोकरीचा निर्णय मात्र पिशवीवरचे चित्र पाहून. पगाराचा आकडा आणि मुंबईचे नाव, संपला विषय. म्हणून म्हटले, आज सगळ्यांसमोरच बोलू.

मुंबईचे नाव निघाले आहे तर परळपासून सुरुवात करतो. परळला पोयबावडीच्या भागात बी.आय.टी. चाळी आहेत. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, त्यानंतर १८९८ साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला, त्या ट्रस्टने बांधलेल्या या चाळी. त्यातल्या पहिल्या नंबरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बावीसएक वर्षे राहिले. आपण बाबासाहेबांचे नाव घेतो ते घटनेसाठी, चवदार तळ्यासाठी. पण पदवी घेतल्यानंतर नोकरी कुठली धरायची, कुठली सोडायची, हा प्रश्न या माणसासमोर जितक्या वेळा आणि जितक्या कठीण स्वरूपात आला, तितका तुमच्या-माझ्या घरात कुणासमोर आला नसेल. तो हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे.

एलफिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. कॉलेजात असताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना २५ रुपये शिष्यवृत्ती होती. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी बडोद्याची नोकरी धरली. वडील रामजी सुभेदार यांच्या मनात हे नव्हते. बडोद्याला पोराचे काय हाल होतील याचा त्यांना अंदाज होता, मुंबईतच काहीतरी बघ असे त्यांचे म्हणणे. बापाचे मन आणि हातातले पत्र, ही ओढाताण तेव्हाही होती. महिना उलटतो न उलटतो तोच रामजी वारले. त्याच वर्षी महाराजांनी अमेरिकेत शिकायला पाठवायचे ठरवले, पण फुकट नाही. तीन वर्षांची शिष्यवृत्ती आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी, असा करार. आज आपण ज्याला बॉण्ड म्हणतो तोच. बाबासाहेबांनी सही केली. त्या काळात त्या घरातल्या मुलाला कोलंबिया विद्यापीठ दाखवणारा दुसरा रस्ता नव्हता, म्हणून दहा वर्षांची किंमत त्यांनी कबूल केली. बॉण्ड वाईट की चांगला हे नुसत्या वर्षांवरून ठरत नाही; बदल्यात काय पदरात पडते त्यावर ठरते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे परत येणार आहे.

१९१७ साली ते परत आले आणि शब्द दिल्याप्रमाणे बडोद्याला गेले. शिक्षण असे की तेव्हा हिंदुस्थानात बोटावर मोजण्याइतक्या माणसांचे असेल. महाराज स्वतः पाठीशी. पद मोठे, पुढे अर्थखाते देण्याचा विचार. कागदावर याहून चांगली नोकरी कुठली? आणि झाले काय? राहायला जागा मिळाली नाही. हिंदू घेईनात, मुसलमान घेईनात. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी खाणावळीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन दहा-बारा पारशी दारात आले. ओळखीच्या दोघांकडे विचारणा केली, दोघांनीही काहीतरी कारण सांगून टाळले. एकाला म्हणे बायकोला विचारायचे होते. रात्रीच्या गाडीला वेळ होता, तोवर हा अमेरिकेत शिकलेला माणूस बडोद्याच्या कमाठी बागेत बसून राहिला आणि मुंबईला परत आला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

यात जातीचे विष आहे ते आहेच, ते मी झाकत नाही. आजही मुंबईत खोली शोधताना आडनाव विचारतात, आणि ज्याला विचारतात त्यालाच ते कळते. पण नोकरीच्या हिशेबाने बघितले तरी यातला पहिला प्रश्न उरतोच: राहायचे कुठे? पगार किती हा प्रश्न त्यानंतरचा. पत्र मुंबईचे असो, पुण्याचे असो की हैदराबादचे, पहिल्या रात्री पाठ कुठे टेकणार आणि सहाव्या महिन्यात कुठे टेकणार, हे ठरल्याशिवाय त्या पत्रावरच्या आकड्याला अर्थ नाही.

पुढचे ऐका. मुंबईत परत आल्यावर शिकवण्या केल्या. शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्यांना सल्ला देण्याचा धंदा काढला. सल्लागार कोणत्या जातीचा हे कळल्यावर गिऱ्हाईक बंद. मग १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार महिना ४५० रुपये. जागा तात्पुरती, पण तेव्हाचे ४५० म्हणजे फार मोठी रक्कम. याच सिडनहॅममध्ये १९५० च्या दशकात शरद जोशी शिकले, आणि त्यांनी पुढे स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली ती गोष्ट तुम्हाला पाठ आहे, म्हणून सांगत बसत नाही. पण बाबासाहेबांनी त्या ४५० चे काय केले ते पाहा. चाळ सोडली नाही. दोन खोल्यांतच राहिले, रमाबाईंनी तुटपुंज्या पैशात घर चालवले. सव्वा वर्षात सुमारे ७,००० रुपये शिल्लक टाकले आणि १९२० च्या मार्चमध्ये नोकरी सोडली. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिले आणि अर्धवट राहिलेले लंडनचे शिक्षण पुरे करायला गेले.

म्हणजे ही नोकरी त्यांनी मुक्कामासाठी धरलीच नव्हती. एका ठरलेल्या कामासाठी पैसा उभा करायचा, तोवरची ती नोकरी. अशी नोकरी धरायला काहीच हरकत नाही, फक्त कशासाठी आणि किती दिवस हे आधी ठरलेले पाहिजे. नोकरीची दुसरी बाजूही त्यांना तिथे सोसावी लागली. १९२० च्या ३१ जानेवारीला 'मूकनायक' सुरू झाला, पण सरकारी नोकरीत असल्यामुळे संपादक म्हणून त्यांचे नाव नव्हते, पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. पगार खाताना तोंडाला किती कुलूप लागते, हेही नोकरीच्या किमतीत धरायचे असते.

१९२३ साली बॅरिस्टर होऊन आले तेव्हा वकिलीची सनद काढायलाही हातात पैसे नव्हते, ते परत भथेनांनीच दिले. आणि अशा दिवसांत जिल्हा न्यायाधीशाच्या पदाबद्दल विचारणा झाली, तर ते नको म्हणाले. का? कारण सरकारी खुर्चीत बसून करायचे काम होणार नव्हते. मग पोट कसे भरायचे? १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या हिशेबनिशी शिकवणाऱ्या संस्थेत अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवला आणि बाकीचा वेळ परळच्या दामोदर हॉलमधल्या कचेरीत. मोठी नोकरी नाकारली, पण चूल पेटती ठेवायची सोय आधी केली. आमच्या चळवळीतल्या काही तरुणांना यातला पहिला भाग आवडतो, दुसरा नाही.

आता तुमच्या-माझ्या शेतीचा मुद्दा. बडोद्याहून परतल्यानंतरच्या त्या ओढगस्तीच्या काळात, १९१८ साली, बाबासाहेबांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनी आणि त्यावरचे उपाय. त्या काळचे सगळे शहाणे म्हणत होते की शेतकरी गरीब आहे कारण तुकडे पडले, तुकडे जोडा म्हणजे झाले. बाबासाहेबांचे म्हणणे असे की जमिनीचा तुकडा नुसता लहान आहे म्हणून तोट्याचा होत नाही. त्या जमिनीवर भांडवल किती आणि हात किती, यावर ते ठरते. आपल्याकडे अवजार नाही, बैल नाही, पैसा नाही, त्या मानाने आहे ती जमीनसुद्धा जास्तच आहे, असे ते म्हणाले. आणि हात मात्र नको तितके त्याच जमिनीवर बसून आहेत. उपाय काय, तर उद्योगधंदे वाढवा आणि हे जास्तीचे हात तिकडे जाऊ द्या. जमिनीवरचा भार उतरला, शिल्लक पडू लागली, की शेतीत भांडवल येईल.

हे मी का सांगतो? कारण आपल्यात एक खुळी समजूत आहे की पोरगा नोकरीला गेला म्हणजे शेतीशी बेइमान झाला. पाच एकर कोरडवाहूवर बाप, दोन पोरे, एक पुतण्या असे चौघे राबतात, त्यातल्या दोघांचे काम खरे तर बाकीचे दोघे करू शकतात. त्यातला एक मिळवता झाला तर तो शेती सोडून गेला असे नसते, तो शेतीत नवे भांडवल आणतो. विहिरीचे खोदकाम, ठिबक, एक वर्ष कापूस घरात ठेवून भाव येईपर्यंत थांबायची ताकद, ही पाच एकरातून निघत नाही, पगारातून निघते. अर्थात पगार घरी आला तर. तो सगळा मुंबईतच मुरला तर काय उपयोग? म्हणून हिशेब.

गिरणगावात हे शंभर वर्षे चालले. लालबाग, परळ, लोअर परळ, शिवडी या भागातल्या गिरण्यांना कापूस गेला आपल्या वऱ्हाडातून, खानदेशातून. माणूस गेला कोकणातून आणि घाटावरून. रत्नागिरी, साताऱ्याचा गिरणी कामगार गावाकडे मनिऑर्डर करायचा आणि त्यावर तिकडची भातशेती टिकायची. तो राहायचा गावकीच्या खोलीत, पाळीपाळीने एकाच वळकटीवर दोघे, आणि जेवायचा खानावळीत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. आपल्याकडून मात्र गाठी गेल्या आणि माणसे फारशी गेली नाहीत. याचा बरा-वाईट परिणाम काय झाला यावर वेगळे भाषण होईल.

या गिरण्यांत 'बदली' नावाचा प्रकार होता. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहणारा. कायमचा माणूस गैरहजर असला तर आत घेणार, नाहीतर घरी जा. वर्षानुवर्षे काम करूनही बदलीच. आणि जे कायम होते त्यांचे काय झाले? १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. बाप गिरणीत, काका गिरणीत, मुलगाही गिरणीतच चिकटणार, अशी घरे एका वर्षात रस्त्यावर आली. ज्या घरात एक जण बी.ई.एस.टी.त किंवा बँकेत होता ते घर तरले. सगळ्या वावरात एकच पीक लावू नये हे आपल्याला कुणी शिकवायला नको, तूर-मुगाची ओळ आपण टाकतोच. घरातल्या नोकऱ्यांचेही तसेच. दोघे भाऊ एकाच कीटकनाशक कंपनीत असतील तर ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी शेतीही गेली आणि दोघांचे टार्गेटही गेले.

आज त्याच गिरण्यांच्या आवारात काचेच्या इमारती आहेत. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या झाल्या. तुमच्या पोराला जे परळचे पत्र आले आहे ते बहुधा अशाच एखाद्या आवारातले. आणि त्या पत्रात 'बदली' हा शब्द नसतो, पण 'कंत्राटी' असतो, किंवा नेमणूक दुसऱ्याच एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या फर्मच्या नावावर असते. काम करायचे बँकेत, पगार देणार तिसराच. पत्राच्या वर कोणाचे नाव छापले आहे ते पहिल्यांदा वाचा. बँकेचा बिल्ला गळ्यात घातला म्हणजे बँकेची नोकरी लागली असे होत नाही.

आता आकड्याकडे येतो. तुमच्यातल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना एकाधिकार कापूस खरेदी आठवत असेल, १९७२ साली सुरू झाली ती. पणन महासंघाचा भाव म्हणजे काय होते? भाव जाहीर व्हायचा मोठा. हातात पहिला चुकारा यायचा कमी. त्यातून भांडवल निधीची कपात, सोसायटीची वसुली, आणि उरलेले बोनस म्हणून कधीतरी पुढे, आले तर आले. व्यापाऱ्याचा भाव कमी दिसायचा पण रोख असायचा. नोकरीच्या पत्रातही असे दोन भाव असतात. एक वर्षाचा मोठा आकडा, ज्याला कंपनीवाले सीटीसी म्हणतात, आणि दुसरा महिन्याला खात्यात पडणारा.

एक उदाहरण मांडू. पत्रात लिहिले वर्षाला ३ लाख ६० हजार. बापाने बारांनी भागले, महिना ३०,०००, पेढे वाटले. आता कपाती बघा. मूळ पगार १५,००० धरला तर कंपनीने भरायचा प्रॉव्हिडंट फंड १,८००, तोही त्या तीस हजारातच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीचे सातशे-सव्वासातशे, तेही त्यातच. विम्याचे समजा ५००. आणि 'कामगिरीवर आधारित' म्हणून समजा दहा टक्के, म्हणजे ३,०००, ते वर्षाअखेर टार्गेट झाले तर. राहिले सुमारे २४,०००. त्यातून पोराच्या वाट्याचा फंड १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला. खात्यात पडणार २२,०००. फंड वाया जात नाही, तो पोराचाच आहे, पण त्यातून खाटेचे भाडे देता येत नाही. आता मुंबईत खाट ६,०००, जेवण ४,५००, लोकलचा पास, चहा, मोबाइल, आजारपण मिळून २,५०० धरा. उरले ९,०००. हे आकडे मी हिशेब दाखवण्यापुरते धरले आहेत; लालबागला खाट काय भावाने मिळते आणि दिवा-कल्याणला काय, ते तिथे राहणाऱ्या आपल्याच माणसाला फोन करून विचारा. आणि इकडे तालुक्याच्या गावी कुणी १५,००० हातात देत असेल, पोरगा घरचे खाऊन ४,००० खर्च करत असेल, तर उरतात ११,०००. तीस आणि पंधरा अशी तुलना करणाऱ्याने नऊ आणि अकरा अशी करून बघावी.

मग काय, मुंबई नकोच म्हणायची? तसे मी म्हणत नाही. इथेच आपली ज्वारी आठवा. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. दाणा भरपूर. पण ठेंगणी, कडबा कमी, आणि कणसात पाऊस सापडला की दाणा काळा. ज्याच्या दारात जनावरे होती तो म्हणाला मला मालदांडीच बरी, दाणा थोडा कमी पण कडबा आहे. तो अडाणी नव्हता, त्याच्या हिशेबात दोन पिके होती आणि शास्त्रज्ञाच्या हिशेबात एक. नोकरीतही पगार हा दाणा आहे. कडबा कोणता? हातात कसब काय येते, दोन वर्षांनी दुसरीकडे जाताना त्या कामाची किंमत धरली जाते का, वर कोण साहेब आहे आणि तो शिकवतो का, रजा मिळते का, पेरणीच्या आठवड्यात चार दिवस घरी येता येते का. मुंबईच्या त्या नऊ हजारांबरोबर असा कडबा भरपूर येत असेल तर मुंबई घ्यावी. नुसते फोन उचलायचे काम असेल आणि पाच वर्षांनीही तेच असेल, तर अकरा हजार बरे. आणि उलटही खरे आहे: तालुक्याची नोकरी म्हणजे कृषी केंद्रात मालकाच्या उधारीच्या वह्या घेऊन आपल्याच गावातल्या लोकांच्या दारात जायचे असेल, तर त्या अकरा हजारांत काय काय कापले गेले याचाही विचार करावा.

मी स्वतः अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बाहेर पडलो तेव्हा माझ्याकडेही दोन कागद होते. एक औषधे विकणाऱ्या कंपनीचा, ट्रेनिंगला परळच्या ऑफिसात बोलावलेले. दुसरा पाणलोट प्रकल्पाचा, पगार निम्म्याहून कमी. मी कंपनी धरली. हिरव्या बोंडअळीची ती वर्षे, फवारणीचा सुळसुळाट. तीन वर्षांत सोसायटीचे कर्ज फेडले, विहिरीला मोटर बसवली, आणि औषधाच्या बाटलीची किंमत कारखान्यापासून दुकानापर्यंत कशी कशी चढते ते आतून पाहिले. ते ज्ञान मला कुठल्याही पाणलोटात मिळाले नसते. आज मी तुमच्यासमोर बाटलीच्या भावावर बोलतो ते त्या तीन वर्षांच्या जोरावर. चौथ्या वर्षी ज्या गावात अळीच नव्हती तिथेही खोकी उतरवायला सांगितले, तेव्हा निघालो. कंपनीचे नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. निघता आले ते शिल्लक होती म्हणून.

मुलींबद्दल एक सांगतो. मुलीला दोन पत्रे आली की घरात तिसराच विषय सुरू होतो. दूरची नको, लग्न कसे व्हायचे. जवळची नोकरी हिशेबाने चांगली असेल तर जरूर घ्यावी, पण हिशेब मांडण्याआधीच दूरचे पत्र फाडू नये. मुंबईत नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृहे आहेत, जागा मिळायला वेळ लागतो, अर्ज आधी करावा लागतो. लोकलचा विचार मात्र मुलाइतकाच मुलीचाही करा. सप्टेंबर २०१७ मध्ये एलफिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांच्या मधल्या पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून जास्त माणसे मेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या आणि पूल तेवढाच राहिला. कल्याणहून परळला रोज जाऊन-येऊन तीन तास जातात, ते आठवड्याचे अठरा तास होतात, आणि त्याचा पगार कुणी देत नाही.

आता बॉण्डबद्दल. बाबासाहेबांच्या दहा वर्षांबद्दल बोललो. त्या बदल्यात त्यांना कोलंबिया मिळाले. आजकाल काही ठिकाणी पंधरा दिवस पंख्याखाली बसवून ट्रेनिंग म्हणतात आणि दोन वर्षांचा बॉण्ड, सोडले तर लाखभर रुपये भरा. बदल्यात काय देता, ते कागदावर लिहून मागा. मूळ गुणपत्रिका आणि पदवीचे प्रमाणपत्र कुणाकडे ठेवायला देऊ नका. दाखवा, पडताळून घ्या म्हणा आणि परत घ्या. आणि नोकरीसाठी डिपॉझिट, गणवेशाचे पैसे, लॅपटॉपचे पैसे मागणारा कुणीही असो, ती नोकरी नाही, तो धंदा आहे आणि गिऱ्हाईक तुम्ही आहात.

बापमंडळींसाठी एक आडवळण. पोराला दोन्ही पत्रे समोर ठेवून आपण आपल्या कर्जाचा आकडा सांगतो. सांगावाच, लपवू नये. पण सोसायटीचे थकलेले तीन लाख पोराने पहिल्या वर्षात फेडायचे असा हिशेब घातला, तर तो जास्त आकड्याचे पत्र उचलणार, मग त्यात कडबा असो नसो. किती, कधीपासून, किती वर्षे, हे घरात बसून ठरवा. पहिले सहा महिने त्याच्याकडे काही मागू नका. नव्या जागी खाट, चादर, पास यातच ते जातात.

आणि शेवटी ती शुक्रवारची गोष्ट. पत्रात मुदत असते, चार दिवस, आठ दिवस. ती मुदत म्हणजे तहसीलदाराची नोटीस नव्हे. पोराने किंवा पोरीने साध्या भाषेत कळवायचे: आपले पत्र मिळाले, आभारी आहे, घरच्यांशी बोलून निर्णय घेण्यासाठी अमुक तारखेपर्यंत मुदत मिळावी. आणि त्यातच विचारायचे की दरमहा हातात किती पडतील, नेमणूक कुणाच्या नावावर आहे, कामाची जागा नेमकी कुठे. बरेच जण आठवडा देतात. जो एक दिवसही द्यायला तयार नाही, तो आत गेल्यावर रजा कशी देईल याचा अंदाज येतो. एकाला हो म्हणून दुसरीकडे रुजू व्हायचे असे मात्र करू नका. ज्याला नाही म्हणायचे त्याला वेळेवर दोन ओळी लिहून कळवा, चार वर्षांनी त्याच दारात उभे राहायची वेळ येऊ शकते.

त्या मायच्या मुलीने अशी मुदत मागितली आहे, सोमवारपर्यंत मिळाली. आज दुपारच्या जेवणानंतर मी कडुलिंबाखाली बसणार आहे. ज्यांच्याकडे पत्रे असतील त्यांनी घेऊन यावे, पोरगा-पोरगी बरोबर असेल तर फार बरे, नसेल तर फोन लावून ठेवा. मूळ कागद घरीच राहू द्या, झेरॉक्स आणा.